निकोटिनचा गम आणि पॅच वापरूनही सिगरेट सुटत नाही, नेमकं कुठे चुकतंय?

कांजूरकर:

मोठ्या भावासाठी विचारते आहे. वय ४६, दिवसाला १८ ते २० सिगरेटी, उठल्यावर दहा मिनिटांच्या आत पहिली. बीपीसाठी अम्लोडिपिन आणि मेटोप्रोलॉल चालू आहे, बीपी आटोक्यात असतं. हृदयविकार, फिट, मधुमेह यातलं काही नाही. सोडायचं त्याने स्वतःच मनावर घेतलंय, घरच्यांनी मागे लागायची गरज नाही.

केमिस्टकडून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम आणला. दिवसाला तीन-चार खातो, बहुतेक चहाच्या वेळी. घसा चरचरतो, उचक्या लागतात, मळमळतं आणि तलफ जशीच्या तशी. मग १४ मिलिग्रॅमचे पॅच आणले. लोकलच्या गर्दीत घामाने दुपारपर्यंत कडा सुटतात. रात्रभर ठेवला तर चित्रविचित्र स्वप्नं पडून झोप मोडते. आता तो म्हणतो, ही औषधं मला लागूच पडत नाहीत.

गम आणि पॅच एकदम वापरले तर चालतं का? बीपी असताना निकोटिन धोक्याचं नाही ना? गोळ्याही असतात म्हणे, त्यांचं काय? ऑफिसमधले लोक वेप घे म्हणतात, ते कितपत बरोबर? आणि मुंबईत नीट दाखवायचं तर कुठे? घर भांडुपला, ऑफिस अंधेरी एमआयडीसीत.

दादरचा फार्मासिस्ट:

ताई, औषध लागू पडत नाही असं अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मात्रा कमी पडतेय आणि गम खायची पद्धत चुकतेय. दोन्ही सुधारता येतं.

आधी मात्रा. निकोटिनची गरज किती हे जोखायला सगळ्यात उपयोगी प्रश्न एकच: उठल्यावर पहिली सिगरेट किती वेळात? अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, त्यानंतर ओढणाऱ्याला २ चा पुरतो. तुमचा भाऊ दहा मिनिटांवाला आहे. एका सिगरेटमधून शरीरात साधारण १ ते २ मिलिग्रॅम निकोटिन जातं. २ चा गम अगदी नीट चघळला तरी त्यातलं जेमतेम १ मिलिग्रॅम रक्तात पोचतं. म्हणजे वीस सिगरेटींची सवय असलेलं शरीर तीन-चार मिलिग्रॅमवर दिवस काढतंय. तलफ जाणार कशी? ४ च्या गमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते, २ चा चिठ्ठीशिवाय मिळतो. म्हणून कितीतरी जण २ वरच अडकतात आणि शेवटी औषधाला दोष देतात.

एकट्या गमवर सोडायचं असेल तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान ९. सातव्या ते नवव्या आठवड्यात दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्यात चार ते आठ तासांनी. दिवसाची कमाल मर्यादा २४, तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. घड्याळ बघून घ्यायचा, तलफ येईपर्यंत थांबायचं नाही. सिगरेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, गमचं रक्तातलं प्रमाण वर यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. स्टेशनबाहेरची टपरी हे रोजचं ठिकाण असेल तर टपरी दिसल्यावर गम काढून उपयोग नाही. भांडुपला गाडीत चढतानाच तो तोंडात हवा, म्हणजे मेट्रोतून उतरताना अंमल चढलेला असतो.

आता पद्धत. यातच सगळी गोम आहे. गम सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचा. मिरमिरल्यासारखी तिखट चव आली की थांबायचं आणि तो गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा. मिनिटभराने चुणचुण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा आणि आता दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास. चावूनही चुणचुण येईनाशी झाली की गम संपला, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. घरात लहान मूल असेल तर उघड्यावर ठेवू नका, वापरलेल्या गममध्येही निकोटिन उरतं.

हे एवढं का, तर निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून शोषलं जायला हवं. साध्या च्युइंगगमसारखा भराभर चावला की ते लाळेत उतरतं आणि लाळ गिळली जाते. पोटातून गेलेलं निकोटिन यकृतातच बरंचसं मोडलं जातं, मेंदूपर्यंत पोचत नाही. हाती राहतात उचक्या, चरचर आणि मळमळ. भावाला हीच तीन लक्षणं आहेत.

आणि चहा! चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आम्लधर्मी होतं आणि तसल्या तोंडात निकोटिन अस्तरातून आत शिरत नाही. गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको. तलफ नेमकी कटिंगबरोबर येते हे मान्य, म्हणून क्रम उलटा करा. अकराला चहा होत असेल तर सव्वादहाला गम घ्या, पावणेअकराला तो संपेल. मग चहा प्या, त्यावेळी निकोटिन रक्तात असेलच.

कवळी असेल, क्राऊन सैल असेल किंवा जबडा दुखत असेल तर गमच्या जागी निकोटिनची चघळायची गोळी घ्यावी, लॉझेंज म्हणून मागा. ती चावायची नसते, वीस-तीस मिनिटं गालात इकडून तिकडे फिरवत विरघळू द्यायची. चहाचा नियम तोच. दिवसाला २० च्या वर नाही.

समुपदेशक, परळ:

वरचं सगळं बरोबर आहे, मी पॅचपासून पुढे सांगते.

गम आणि पॅच एकत्र चालतात. नुसते चालत नाहीत, एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा या जोडीने जास्त लोकांची सिगरेट सुटते, हे अनेक चाचण्यांमधून दिसलंय. पॅच दिवसभर एक पातळी धरून ठेवतो आणि गम मधेच उसळणाऱ्या तलफेसाठी. पॅच लावल्यावर पातळी वर यायला काही तास लागतात, त्यामुळे अचानक आलेल्या तलफेला तो एकटा पुरा पडत नाही.

दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असतील तर सुरुवात २१ मिलिग्रॅमच्या पॅचने: सहा आठवडे २१, दोन आठवडे १४, दोन आठवडे ७. १४ ने सुरुवात करायची ती १० किंवा त्याहून कमी ओढणाऱ्यांनी. वीस सिगरेटींवर १४ म्हणजे सुरुवातीलाच खड्डा. दुकानात घेताना पाकिटावर २४ तासांत किती मिलिग्रॅम सुटतं तो आकडा वाचा, नावापुढच्या दुसऱ्या आकड्याने गफलत होते.

एक लक्षात घ्या. वर फार्मासिस्टनी दिलेलं दर एक-दोन तासांचं वेळापत्रक एकट्या गमचं आहे. २१ चा पॅच अंगावर असेल तर गम फक्त अवघड वेळांना: सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, स्टेशनबाहेर, संध्याकाळी मीटिंग संपल्यावर. जोडीला बहुतेकांना २ चा पुरतो. मात्रा कमी पडतेय की जास्त होतेय हे शरीरच सांगतं. चिडचिड, अस्वस्थपणा, कशात लक्ष न लागणं, सारखी भूक म्हणजे कमी. मळमळ, थंड घाम, धडधड, गरगरणं, डोकेदुखी म्हणजे जास्त. अशा वेळी गम थुंकून टाका, तरी थांबलं नाही तर पॅच काढून ती जागा साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांशी बोला.

घामाचं. मुंबईत पॅच न टिकण्याची तक्रार फार येते, आणि बहुतेक वेळा मूळ सकाळच्या घाईत असतं. आंघोळ करून आल्या आल्या ओलसर, तापलेल्या कातडीवर पॅच लावला की चिकटपणा तिथेच गेला. आंघोळीनंतर पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं बसा, घाम थांबू द्या. त्या जागी खोबरेल तेल, पावडर, क्रीम काही नको. साबणाचा पातळ थरही नीट धुतलेला हवा. जागा म्हणजे दंडाची बाहेरची बाजू, छातीचा वरचा भाग किंवा पाठीचा वरचा भाग. सॅकचा पट्टा घासतो ती जागा टाळा, लोकलमध्ये सॅक पुढे घेतली की छातीवरचा पॅच घासला जातो. केस असतील तर कात्रीने बारीक कापा. वस्तऱ्याने केलेल्या ताज्या जागी आग होते. पॅच ठेवून तळहाताने दहा सेकंद घट्ट दाबा, कडांवरून बोट फिरवा. तरीही कडा उचलल्या तर वरून कागदी सर्जिकल टेप लावा. पूर्ण निघून आला तर दुसरीकडे नवा लावा, पण काढायची वेळ पहिल्याचीच. पॅच कापून अर्धा करू नका. लावल्यावर हात धुवा, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं.

रोज जागा बदला, त्याच जागेवर आठवडाभर परत नको. लावल्यावर थोडी खाज किंवा लाली येते आणि सहसा ओसरते. फोड आले किंवा लाली पसरत गेली तर तो पॅच बंद. काढलेला पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

स्वप्नं पडतात ती रात्रभर निकोटिन मिळत राहिल्यामुळे. झोपताना पॅच काढला की बहुतेकांची झोप सुधारते. मग सकाळची तलफ मात्र जास्त जोरात येते, कारण रक्त रिकामं असतं. म्हणून उशाशी गम किंवा लॉझेंज ठेवा: उठल्याबरोबर तोंडात, मग आंघोळ, मग नवा पॅच आणि चहा त्यानंतर. पहिली सिगरेट ज्या दहा मिनिटांत होते ती दहा मिनिटं अशी भरून निघतात. तुमच्या भावासाठी दिवसभरातली सगळ्यात महत्त्वाची हीच वेळ आहे.

छातीविकारतज्ज्ञ, मुलुंड:

आधी बीपीचा प्रश्न. बीपी आटोक्यात असलेल्या माणसाला गम किंवा पॅच देणं सिगरेट चालू ठेवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. धुरातून निकोटिनबरोबर कार्बन मोनॉक्साइड आणि शेकडो विषारी द्रव्यं जातात, रक्ताच्या गुठळ्या आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान मुख्यतः त्यांच्यामुळे होतं. पॅचमधलं निकोटिन सावकाश आणि कमी पातळीवर येतं. गेल्या दोन आठवड्यांत हार्ट अटॅक येऊन गेलेला, छातीत दुखणं वाढत चाललेलं किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता असलेला रुग्ण असेल तर निर्णय रुग्णालयातच व्हावा. तुमच्या भावाच्या बाबतीत पहिले दोन आठवडे घरी एक दिवसाआड बीपी मोजून लिहून ठेवा, एवढं पुरे.

गोळ्या दोन आहेत, दोन्ही चिठ्ठीवरच्या.

व्हॅरेनिक्लिन: मेंदूतल्या निकोटिनच्या ग्राहींवर, म्हणजे निकोटिन जिथे चिकटतं त्या जागांवर, ती स्वतः जाऊन बसते. थोडंसं समाधान देते, आणि जागा अडवल्यामुळे वरून ओढलेल्या सिगरेटची मजा येत नाही. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम रोज एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सिगरेट बंद करायची तारीख गोळी सुरू केल्यावर साधारण आठव्या दिवशी. मळमळ हा सगळ्यात मोठा त्रास, आणि तो बहुतेक वेळा रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतल्यामुळे वाढतो. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. झोप बिघडत असेल तर दुसरी गोळी झोपताना न घेता रात्रीच्या जेवणाच्या वेळी. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी असेल तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून क्रिएटिनिन तपासलेलं बरं. या गोळीवर दारू काहींना नेहमीपेक्षा जास्त चढते, हे त्याला आधीच सांगून ठेवा. मनावर परिणाम होतो अशी भीती पूर्वी फार होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून जास्त लोकांवरच्या ईगल्स चाचणीत पॅच किंवा नुसत्या बनावट गोळीच्या तुलनेत असा धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही. तरीही नैराश्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये, आणि वागण्यात बदल दिसला तर घरच्यांनी लगेच कळवावं.

ब्युप्रोपिऑन: १५० मिलिग्रॅम तीन दिवस एकदा, मग दोनदा, दोन मात्रांत किमान आठ तास अंतर. फिटचा इतिहास असेल तर देत नाहीत. तुमच्या भावासाठी मी हिला पहिली पसंती देणार नाही, दोन कारणांनी. पॅचबरोबर घेतली तर बीपी वाढू शकतं. आणि मेटोप्रोलॉल यकृतातल्या ज्या विकराने (एन्झाइमने) मोडलं जातं, तोच विकर ही गोळी मंदावते. मेटोप्रोलॉल रक्तात साठून नाडी फार हळू पडू शकते, चक्कर येऊ शकते. द्यायचीच झाली तर नाडी आणि बीपीवर लक्ष ठेवून.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. सिगरेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातला एक विकर जोरात चालतो आणि कॅफीन भराभर मोडलं जातं. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग उतरतो, आणि तेवढाच चहा-कॉफी घेऊनही रक्तातलं कॅफीन जवळपास दुप्पट होऊ शकतं. मग धडधड, हात थरथरणं, झोप न येणं; आणि माणसाला वाटतं सिगरेट सोडल्यामुळे होतंय, म्हणून तो परत ओढतो. पहिल्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा. हाच विकर थिओफिलिन, क्लोझापिन, ओलान्झापिन यांनाही मोडतो. घरात कुणी ही औषधं घेत असेल आणि सिगरेट सोडत असेल तर मात्रा बदलावी लागू शकते, डॉक्टरांना आधी कळवा. हा बदल धूर थांबल्याने होतो, निकोटिनमुळे नाही. म्हणून पॅच चालू असला तरी लागू.

दादरचा फार्मासिस्ट:

वेपबद्दल थोडक्यात. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा, सगळ्यावर बंदी आहे. टपरीमागून जे मिळतं त्यात निकोटिन किती आणि सोबत काय, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

कांजूरकर:

खूप आभार. सकाळचा क्रम आणि चहाचं त्याला वाचून दाखवलं. अजून दोन गोष्टी: तारीख ठरवून एकदम बंद करावी की कमी करत जावं? आणि मधेच एखादी ओढली गेली तर पॅच काढायचा का? पॅच लावून सिगरेट ओढली की अटॅक येतो असं कुणीतरी त्याच्या मनात भरवलंय.

समुपदेशक, परळ:

येत नाही. आधी ती भीती काढून टाका, कारण तिच्यापायी लोक उलटं करतात: एक सिगरेट होते, घाबरून पॅच काढतात, संध्याकाळपर्यंत निकोटिन उतरतं आणि अख्खं पाकीट संपतं. एखादी ओढली गेली तर पॅच तसाच ठेवायचा, पुढचा गम ठरल्या वेळी घ्यायचा आणि ती सिगरेट कुठे, कशानंतर झाली ते लिहून ठेवायचं. रोजच होत असेल तर मात्रा कमी आहे असं समजा आणि डॉक्टरांना भेटा. मळमळ किंवा गरगर झाली तर ते निकोटिन जास्त झाल्याचं लक्षण.

पॅच-गमसाठी पुढच्या दोन आठवड्यांतली एक तारीख ठरवा आणि त्या सकाळी सिगरेटच्या जागी पॅच. ऑफिसमध्ये मार्चअखेर किंवा ऑडिट चालू असेल तर तो आठवडा सोडून द्या. एकदम बंद करणं जमेलसं वाटत नसेल तर व्हॅरेनिक्लिनवर हळूहळू कमी करायचीही पद्धत आहे: चार आठवड्यांत निम्मी, पुढच्या चारांत त्याच्या निम्मी, बाराव्या आठवड्यापर्यंत शून्य, आणि गोळी एकूण २४ आठवडे. औषधाशिवाय नुसतं कमी करत जाणं फसतं ते असं: सिगरेटी वीसच्या आठ होतात, पण माणूस प्रत्येक झुरका खोल ओढतो आणि थोटूक बोट भाजेपर्यंत पुरवतो, शरीरात निकोटिन जवळजवळ तेवढंच जातं.

आदल्या रात्री घरातली, बॅगेतली, ड्रॉवरमधली पाकिटं आणि लायटर काढून टाका. सुट्या सिगरेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर एक-एक मिळतेच, आणि घसरण बहुतेक वेळा त्या एकीपासून होते. पहिले काही दिवस चहा ऑफिसच्या पँट्रीत घ्यावा, टपरीवर जाणारा घोळका टाळावा.

त्रास सगळ्यात जास्त पहिल्या आठवड्यात, त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. दोन ते चार आठवड्यांत बराच ओसरतो. एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांची असते, तेवढा वेळ पाणी घोटघोट प्यायचं आणि जागा बदलायची. बद्धकोष्ठता होते, खोकला काही दिवस वाढल्यासारखा वाटतो, वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. हे आधी माहीत असलं की माणूस बिचकत नाही. डब्यात काकडी, गाजर, फुटाणे द्या.

कुठे जायचं: परळला टाटा मेमोरियलमध्ये तंबाखूमुक्ती क्लिनिक आहे. केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागात व्यसनमुक्तीसाठी दाखवता येतं, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो. डेंटल कॉलेजांमध्येही तंबाखूमुक्ती केंद्रं असतात. मुंबई सेंट्रलला नायर डेंटल आणि सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय, दोन्ही तुमच्या भावाला गाडीने सोपी पडतील. फोनवरून सुरुवात करायची तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन मोफत आहे, नंबर सिगरेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. समुपदेशक तारीख ठरवून देतात आणि नंतर स्वतः फोन करून विचारपूस करतात.

पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांची पाकिटं, घरी लिहिलेलं बीपी आणि आठवडाभराची नोंद न्या: कोणती सिगरेट किती वाजता, कशाबरोबर, आणि तिच्याशिवाय भागलं असतं का. फुंकर मारून श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र तिथे असेल तर पहिल्याच दिवशी आकडा घ्या. सिगरेट बंद झाल्यावर दोन दिवसांत तो उतरून न ओढणाऱ्यासारखा होतो, पॅच-गम चालू असले तरी. आणि सगळं छान चाललंय म्हणून औषध मधेच बंद करू देऊ नका, ठरलेले आठवडे पुरे होऊ द्या: पॅचचे दहा, एकट्या गमचे किंवा व्हॅरेनिक्लिनचे बारा. त्यानंतरही लग्नकार्य, गणपती, ऑफिसची पार्टी अशा दिवसांसाठी खिशात दोन-तीन गम असू द्या.